चर्चा-संस्थळाचा कारभार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी 1996 साली ‘मायबोली’चा आरंभ केला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षर उमटविणे हेच एक दुष्कर कर्म होते, तथापि देशोदेशी विखुरलेली माणसे तिथल्या ‘हितगुज’ या चर्चाफलकावर रमली, आणि पुढे 2004 मध्ये ‘मनोगत’ व 2007 मध्ये ‘मिसळपाव’ ही संस्थळे निघाली, तेव्हा धागा काढणे, प्रतिसाद देणे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) धाडणे ही परिभाषा मराठी वाचकांच्या अंगवळणी पडली. आपल्या तालुक्याचा इतिहास, दुर्गभ्रमण, द्राक्षबाग किंवा शास्त्रीय संगीत अशा एखाद्या विषयाला वाहिलेले संस्थळ आपणही काढावे, ही उमेद आज पुष्कळांच्या मनात असते. व्हॉट्सॲपच्या समूहावर काल कुणी सांगितलेली मोलाची गोष्ट आज शेकडो निरोपांखाली गडप होते, आणि संस्थळावरचा धागा मात्र दहा वर्षांनी शोधणाऱ्यालाही सापडतो, हा भेद ज्याला मनापासून पटला असेल, त्याने या उद्योगास अवश्य हात घालावा.

यंत्राची बाजू आता फारशी बिकट राहिलेली नाही. ड्रुपल, पीएचपीबीबी आणि डिस्कोर्स या प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांपैकी ड्रुपलचा उगमच मुळी बेल्जममधील अँटवर्प येथील काही विद्यार्थ्यांच्या आपसातील निरोप-फलकात झाला आणि 2001 साली ती सर्वांस खुली झाली. डोमेन स्वतःच्या नावे नोंदवावे, सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी, नव्या सदस्याच्या ईमेलची पडताळणी ठेवावी, आणि सर्व दप्तराची एक प्रत रोज अन्य ठिकाणी जमा होईल अशी तजवीज पहिल्याच दिवशी करावी. ती प्रत खरोखर उघडते किंवा नाही, हेही अधूनमधून पाहत जावे, कारण सदस्यांनी विश्वासाने लिहिलेला मजकूर गहाळ झाला तर त्याची भरपाई कोणत्याही दिलगिरीने होत नाही.

नवख्या चालकाचा उत्साह बहुधा विभागांच्या संख्येत प्रकट होतो. वीस विभाग आखावेत आणि त्यांपैकी सतरा ओस पडावेत, यापेक्षा तीनच असावेत व ते गजबजलेले असावेत. वाचक येतात पण लिहीत नाहीत, म्हणून खचण्याचेही कारण नाही: संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार अशा ठिकाणी शंभरांतील नव्वद जण वाचनमात्र असतात, नऊ जण क्वचित लिहितात आणि बहुतेक सारे लेखन उरलेल्या एकाच्या हातून होते. तो एक मनुष्य टिकविणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होय. त्याच्या लेखाला साक्षेपाने वाचून दिलेला एक प्रतिसाद दहा जाहिरातींहून अधिक उपयोगी पडतो.

खरी कसोटी लागते ती संपादनात. समजा, राजगडाच्या गुंजवणे दरवाजाची वाट पावसाळ्यात कशी असते, असे कुणी विचारले. पहिले चार प्रतिसाद निसरड्या कातळाविषयी, वाटाड्याविषयी, पाण्याविषयी येतात. पाचवा शिवकालीन राजकारणाकडे वळतो, आठव्यात दोन सदस्य एकमेकांच्या जातीपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतील एक आयडी दुसऱ्याच कुणाचा डुआयडी (टोपणनावाने उघडलेले दुसरे खाते) असल्याचा बोभाटा होतो. अशा वेळी सबंध धागा उडविणे हा सोपा पण अन्यायाचा मार्ग आहे, कारण त्यात वाट सांगणाऱ्या चौघांचे श्रमही व्यर्थ जातात. अवांतर चर्चा स्वतंत्र धाग्यात हलवावी, व्यक्तिगत शिवीगाळ काढून टाकावी, त्या जागी संपादनाचे कारण एका ओळीत नोंदवावे, आणि संबंधितांस व्यनितून समज द्यावी. धोरणाचा मसुदा थोडक्या शब्दांत आधीच प्रसिद्ध केलेला असावा, व तो जुन्या स्नेह्यालाही तितक्याच कठोरपणे लागू व्हावा. सदस्य कडक नियम सहन करतात, पक्षपात सहन करीत नाहीत, आणि एकदा तो शिक्का बसला की उत्तम लिहिणारे प्रथम निघून जातात.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 79 अन्वये सदस्यांच्या लेखनाबाबत चालकाला संरक्षण मिळते खरे, परंतु ते बिनशर्त नव्हे. या कायद्याखालील 2021 च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संस्थळावर ठळकपणे द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते; न्यायालयाचा अथवा शासनाचा रीतसर आदेश आल्यास मजकूर मुदतीत हटवावा लागतो.

म्हणून ज्यांच्या मनात हा संकल्प आहे, त्यांना आग्रहाची विनंती अशी की, डोमेनचे पैसे भरण्यापूर्वी नियमित लिहितील अशी दहा माणसे आणि संपादनाचा भार वाटून घेतील असे दोन सहकारी मिळवावेत. ते मिळाले, तर विलंब न लावता कामाला लागावे.