प्रांताची शिफारस म्हणजे कॅनडाचा परवाना नव्हे

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या मध्ये, कावेरीच्या भातशेतीत वसलेलं पापनाशम् हे तालुक्याचं गाव. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात गादी स्थापली, तेव्हापासून या पट्ट्यात मराठी घरं आहेत. शिक्षण आणि नोकरीसाठी इथली मुलं आधी तिरुची, चेन्नई, बंगळूरला गेली; आता परदेशाचा विषय निघतो, तेव्हा ‘पीएनपी’ हे नाव हमखास ऐकू येतं. पीएनपी म्हणजे कॅनडातल्या प्रांतांनी स्थायिक होण्यासाठी उमेदवार सुचवण्याचा कार्यक्रम. १९९८ मध्ये मॅनिटोबा प्रांतापासून त्याची सुरुवात झाली. टोरंटो आणि व्हँकुव्हरकडे जाणारा स्थलांतरितांचा ओघ मनुष्यबळाची गरज असलेल्या इतर प्रांतांकडेही वळावा, हा त्यामागचा हेतू.

हेतू सरळ आहे, नियमही लिखित आहेत. तरी ऐकीव माहितीवर विसंबून घरची पुंजी पणाला लावली जाते. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : प्रांताने निवडलं म्हणजे ‘पीआर’ मिळालंच.

वस्तुस्थिती : पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, प्रांत देत नाही, तो फक्त कॅनडाचं केंद्र सरकार देतं. प्रांत शिफारस, म्हणजे नामांकन, करतो. त्या शिफारशीनंतर केंद्राच्या इमिग्रेशन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, वेगळी फी भरावी लागते. वैद्यकीय तपासणी, पोलीस दाखला, सुरक्षा पडताळणी हे सगळं त्या टप्प्यावर होतं आणि तिथे अर्ज नामंजूरही होऊ शकतो. नामांकनाचं पत्र हातात पडताच इथली नोकरी सोडणं किंवा घर विकायला काढणं म्हणूनच धोक्याचं आहे.

गैरसमज २ : पीएनपी ही सगळ्या कॅनडाची एकच योजना आहे.

वस्तुस्थिती : दहा प्रांत आणि तीन प्रदेश यांपैकी अकरा ठिकाणी पीएनपी आहे. क्यूबेक १९९१ च्या करारानुसार आपले स्थलांतरित स्वतःच्या पद्धतीने निवडतो. नुनावुतमध्ये हा कार्यक्रमच नाही. उरलेल्या अकरांचे नियम, फी आणि प्राधान्याचे व्यवसाय वेगवेगळे आहेत. एका ठिकाणी परिचारिकांना मागणी असते, दुसरीकडे सुतार किंवा ट्रकचालकांना.

शिवाय शिफारशीचे दोन मार्ग आहेत. पहिला २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या केंद्राच्या गुणपद्धतीला जोडलेला. त्यात नामांकन मिळालं की उमेदवाराच्या खात्यात ६०० गुण जमा होतात. एकूण गुण १,२०० असल्याने केंद्राचं निमंत्रण मग जवळजवळ निश्चित होतं, आणि ते आल्यावर ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. दुसरा मार्ग एक्स्प्रेस एंट्रीच्या बाहेरचा. त्यात हे ६०० गुण नसतात आणि निकालाला सहसा बराच जास्त वेळ लागतो. आपला अर्ज कोणत्या मार्गाने जाणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

गैरसमज ३ : सगळ्या प्रांतांत अर्ज टाकावेत, कुठे तरी लागेलच.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. नोकरीसाठी दहा ठिकाणी अर्ज करण्याची आपल्याला सवय असते. इथे तीच अंगाशी येते. खरोखर येऊन राहील असा माणूस प्रांताला हवा असतो, आणि हे तो गुणांतून तपासतो. मॅनिटोबाचं गुणपत्रक पाहा. वय, शिक्षण, अनुभव, भाषा यांचे गुण मिळतातच. जवळचा नातेवाईक तिथे राहत असेल तर वरचे गुण मिळतात. पण त्याच पत्रकात ‘जोखीम’ असा एक रकाना आहे. आधी दुसऱ्या प्रांतात इमिग्रेशनचा अर्ज केला असेल, तर १०० गुण वजा. दुसऱ्या प्रांतात शिक्षण घेतलं किंवा नोकरी केली असेल, तरीही वजाबाकी. म्हणजे चार ठिकाणी अर्ज टाकून ज्याला आपली शक्यता वाढली असं वाटतं, त्याची मॅनिटोबातली शक्यता प्रत्यक्षात घटलेली असते.

त्यापेक्षा आपल्या कामाला मागणी कुठे आहे, नातेवाईक कुठे आहेत, विनिपेगसारख्या शहरात जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं ते आपल्याला झेपेल का, याचा विचार करून एकच प्रांत नेमका निवडावा.

गैरसमज ४ : नामांकन कुठलंही घ्या, उतरल्यावर टोरंटो गाठा.

वस्तुस्थिती : या समजात अर्धसत्य आहे, म्हणून तो टिकून राहतो. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं सहावं कलम नागरिकांना आणि पीआरधारकांना कोणत्याही प्रांतात राहण्याचा आणि कमावण्याचा हक्क देतं. पुढे आयुष्यात कधी प्रांत बदलला, तर तो गुन्हा नाही. पण अर्ज करताना आणि देशात पाऊल ठेवताना त्या प्रांतात राहण्याचा हेतू खरा असायला हवा. तो मुळातच खोटा होता असं सिद्ध झालं, तर ते चुकीचं निवेदन ठरतं. त्यासाठी प्रवेशावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते, मिळालेलं पीआरही जाऊ शकतं.

गैरसमज ५ : पैसे मोजून जॉब ऑफर घेतली की काम फत्ते.

वस्तुस्थिती : नोकरीचं पत्र विकणं आणि विकत घेणं, दोन्ही बेकायदा आहे. अशा व्यवहारांना आळा घालण्यासाठीच केंद्राने २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीतले जॉब ऑफरचे ५० आणि २०० गुण काढून टाकले. काही प्रांतांच्या योजनांना जॉब ऑफर लागते, पण ती खरी आहे का हे मालकाकडून तपासून घेतलं जातं.

पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार तिथले वकील आणि परवानाधारक पॅरालीगल (कायदा सहायक), क्यूबेकचे नोटरी आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे. परवानाधारकांची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा कर एवढंच घेता येतं. ‘खात्रीशीर पीआर’ असं लिहून देणारा माणूस परवानाधारक असला, तरी त्याच्यापासून दूर राहा. निर्णय त्याच्या हातात नसतो.

गैरसमज ६ : कॅनडाला माणसं हवीच आहेत, आज नाही तर उद्या जमेल.

वस्तुस्थिती : दरवर्षी किती जणांना घ्यायचं हे केंद्र सरकार ठरवतं, आणि तो आकडा झपाट्याने बदलतो. पीएनपीतून २०२४ साठी १,१०,००० जणांचं लक्ष्य होतं. २०२५ साठी ते थेट ५५,००० वर आलं. प्रांतांचा कोटाही निम्मा झाला: ओंटारिओचा २१,५०० वरून १०,७५०, मॅनिटोबाचा ९,५०० वरून ४,७५०. पुढच्या आराखड्यात २०२६ साठी लक्ष्य पुन्हा ९१,५०० केलं आहे. कोटा घटला की योजना मध्येच थांबतात, आणि आधीपासून कॅनडात काम करणाऱ्यांना प्राधान्य मिळतं. तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या कोणाचं जमलं, यावरून आज आपलं जमेल असा हिशोब करता येत नाही.

गैरसमज ७ : कागदपत्रांचं नंतर पाहू.

वस्तुस्थिती : बरेच अर्ज इथेच अडकतात. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस देणार असाल, तर इमिग्रेशनला तिची ‘जनरल ट्रेनिंग’ परीक्षा लागते, ‘अकॅडेमिक’ चालत नाही. निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. पदवीचं मूल्यांकन कॅनडामान्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. कुंभकोणम्‌च्या सरकारी कला महाविद्यालयाची पदवी असेल, तर त्यासाठीची कागदपत्रं तिरुचीच्या भारतीदासन विद्यापीठातून काढावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो.

तमिळनाडूत एक अडचण वेगळी आहे. इथे आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. गुणपत्रिकेवर नुसतं आद्याक्षर असतं, पासपोर्टवर तेच उलगडून वडिलांचं पूर्ण नाव येतं, आणि मराठी घरांत ‘राव’ एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटू शकतात. नावं आधीच जुळवून घ्या. जुळत नसतील तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पैशाचंही तसंच. एक्स्प्रेस एंट्रीत परदेशातून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना निर्वाहनिधी दाखवावा लागतो. जुलै २०२५ पासून ही रक्कम एकट्या व्यक्तीसाठी १५,२६३ कॅनेडियन डॉलर आहे. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. उसने आणलेले पैसे चालत नाहीत आणि शेतजमिनीचं मूल्यही धरलं जात नाही. जमीन गहाण टाकून आठवड्याभरासाठी खातं फुगवणाऱ्याच्या पदरात शेवटी कर्ज तेवढं उरतं.

गैरसमज ८ : नामांकन मिळालं की आपल्याच पेशात काम सुरू.

वस्तुस्थिती : परिचारिका, फार्मासिस्ट, शिक्षक, बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिशियनसुद्धा, अशा पेशांना त्या त्या प्रांताचा परवाना लागतो, आणि तो देणारी संस्था इमिग्रेशन खात्यापासून स्वतंत्र असते. परवान्याला किती महिने लागतील आणि कोणत्या परीक्षा द्याव्या लागतील, हे निघण्याआधीच विचारावं. कुटुंबाबद्दलही गैरसमज होतो. जोडीदार आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं अर्जात धरता येतात, आईवडील धरता येत नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील, तर त्यांच्याशी ही गोष्ट पहिल्याच दिवशी बोलायला हवी.

प्रांताचे नियम, फी आणि सध्या कोणती योजना सुरू आहे, हे सगळं त्या प्रांताच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. कोणालाही एक रुपया देण्याआधी ती पानं घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावीत, आणि एजंटने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याशी ताडून पाहावी. जी गोष्ट तिथे सापडत नाही, तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.