पाटल्या, बोअर आणि पांझरेचा पाट

फाल्गुनातली गोष्ट. दुपारी शाळेतून घरी आले, तो भाऊजी बसलेले. चेहरा उतरलेला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि मग ह्यांनीच विषय काढला. गावाकडच्या बोअरचं पाणी गेलं होतं. केळी निसवायच्या बेतात आलेली, आणि मोटर अर्धा तास चालली की हवा ओढायला लागते. नवं बोअर घ्यायचं, आणखी खोल. पैशांची जमवाजमव होत नव्हती.

"वहिनी, तुमच्या पाटल्या..." भाऊजी पुढे बोललेच नाहीत.

पाटल्या माहेरच्या. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "आखाजीला माहेरी जाऊन येते, मग सांगते," म्हटलं. तोवर शेजाऱ्याकडून पाळीनं पाणी घेऊन बाग कशीबशी जगवायची ठरली.

सासर माझं यावल तालुक्यातलं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीत वाकलं की पाणी दिसायचं, असं त्या सांगतात. मग विजेची मोटर आली. मग विहिरीच्या तळाशी आडवी बोअरं मारली. मग विहीर सोडून दिली आणि उभं बोअर घेतलं. हे आटलं ते आमचं दुसरं. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी घरातला हिशेब बरोबर होता! शेजाऱ्यानं खोल नेलं, आपलं पाणी उतरलं, म्हणून आपणही खोल नेलं. आपण नेलं म्हणून त्याचं उतरलं. पातेलं एकच आणि पाच जावांचे पाच डाव. जिचा दांडा लांब तिच्या ताटात वरण, आणि उरलेल्या चौघी नव्या डावाच्या शोधात! रावेर आणि यावल ह्या आमच्या केळीच्या तालुक्यांची नावं सरकारी भूजल मोजणीत 'अतिशोषित' म्हणून लागली, ती अशी. वर्षाला जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्याहून जास्त आपण उपसतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

बी.ए.ला माझा विषय अर्थशास्त्र होता. त्यात पाण्याचा उल्लेख एकाच ठिकाणी आल्याचं आठवतं. पाणी इतकं उपयोगी असून स्वस्त, आणि हिरा निरुपयोगी असून महाग का, हे ॲडम स्मिथचं कोडं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. आता पाटल्या पुढ्यात ठेवून बसल्यावर ते पुन्हा आठवलं. आपल्याकडे जमिनीखालच्या पाण्याला किंमतच नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली खरी, पण बांधावर उभं राहून कोण मोजतो? त्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याच्या घरची सून आहे, बिल माफ झाल्याचं वाईट कसं वाटेल? पण मोटर बंद करायला एक कारण कमी झालं, हेही खरं.

तुम्ही म्हणाल, जळगावात राहून ठिबक कसं आठवलं नाही? आठवलं तर! भवरलाल जैनांच्या जळगावची देशभर ओळखच ती. आमच्या बागेतही ठिबक आहे. ते बसवलं त्या वर्षी पाणी वाचलं, सगळ्यांना आनंद झाला, आणि पुढच्याच वर्षी जिथे ज्वारी व्हायची तिथे भाऊजींनी दोन एकर केळी वाढवली. वाचलेलं पाणी जमिनीत राहिलंच नाही. भाऊजींना हसू नका. घरात साखर स्वस्त झाली की आपल्या हातून शिराच जास्त होतो की नाही? जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं हेच १८६५ मध्ये कोळशाबद्दल लिहून ठेवलं होतं. यंत्रं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट जास्त जळतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सरकारी मदतीनं शेतकऱ्यांनी पाणी वाचवणारी फवारणीची साधनं बसवली, तर उपसा वाढल्याचंच संशोधकांना आढळलं. ठिबक वाईट नव्हे. पण वाचलेल्या पाण्याचं काय करायचं, हे नळी ठरवत नाही.

आखाजीला माहेरी गेले. माझं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. झोके झाले, मांडे झाले, रस झाला. संध्याकाळी आबांबरोबर शेताकडे निघाले आणि वाटेत पाट लागला. लहानपणी ह्या पाटात पाय बुडवून बसायचो, पण त्यात शिकण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे ह्याला फड म्हणतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार मोठे तुकडे, म्हणजे फड. पद्धत तीनचारशे वर्षांची जुनी असावी, असं जाणकार मानतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस तर ऊस, गहू तर गहू. कोणत्या फडात काय, आणि यंदा पाणी किती फडांना पुरेल, हे गाव बसून ठरवणार. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एक फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी देणारा पाटकरी, राखणारा जागल्या, दोघेही गावानं नेमलेले. रात्री उठून आपल्या वाफ्यात पाणी वळवायला कुणाला जावं लागत नसे. गाळ काढायच्या वेळी घरटी माणूस द्यावा लागे.

"चोरी होत नसे का?" मी विचारलं.

"व्हयना! का नही व्हयनार?" आबा हसले. "पन पानी काय कोना बापनं शे? पंच बोलायेत, दंड करेत, लाज वाटे."

आता फड पूर्वीसारखा राहिला नाही. वर धरणं झाली, शेतोशेती विहिरी झाल्या. ज्याची स्वतःची मोटर, तो कशाला बैठकीला येतो? आबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला.

जळगावला परतल्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉमबद्दल मिळेल ते वाचून काढलं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ही पहिली बाई, २००९ साली. शाळेत मुलगी म्हणून तिला त्रिकोणमिती घेऊ दिली नाही. तेवढ्यावरून पुढे अर्थशास्त्रातल्या पीएच.डी.चं दार बंद झालं. पदवी घेऊन नोकरी मागायला गेली, तर टायपिंग आणि शॉर्टहँड येतं का, असं विचारलं. (हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींना ओळखीचा वाटेल!) तिनं राज्यशास्त्रात प्रबंध केला, तोही कशावर? लॉस एंजलिसजवळच्या जमिनीखालच्या पाण्यावर. तिथेही सगळे उपसत होते आणि विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरू लागलं होतं. शेवटी उपसणारेच एकत्र आले, संघटना केली, कोर्टात जाऊन प्रत्येकाच्या उपशाला मर्यादा घालून घेतली.

सामायिक गोष्ट लोक ओरबाडून संपवणारच, असं १९६८ मध्ये गॅरेट हार्डिननं मांडलं होतं. ऑस्ट्रॉमबाईंनी १९९० च्या पुस्तकात स्पेनमधले पाट, फिलिपाइन्समधले पाट, स्वित्झर्लंडची कुरणं असे दाखले देऊन सांगितलं, की नेहमीच तसं होत नाही. जिथे हद्द ठरलेली असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखणदार त्यांना जबाबदार असतो आणि पहिल्या चुकीला दंड लहान असतो, तिथे ती गोष्ट शतकानुशतकं टिकते. वाचताना मला जागल्याच दिसत होता. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं आपलं जंगल असंच नियम करून राखलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सगळं उत्साहानं भाऊजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, पाट डोळ्यांना दिसतो. बोअरच्या आत कोण डोकावतं?"

खरंच आहे. इथेच तर घोडं अडतं. पाटाचं पाणी कमी झालं की साऱ्या गावाला दिसतं; खालचं पाणी ज्याचं त्याला कळतं, तेही मोटर हवा ओढायला लागल्यावर. तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशाबरोबर झाला आहे. त्यातून पातेलं भरेल तेव्हा भरेल, पण डाव पाचच्या पाच तिथेच राहणार.

मी एवढंच म्हटलं, की शेजाऱ्यांची एक जुनी विहीर अजून जिवंत आहे, दर महिन्याला तिच्यात गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजायला काय खर्च येतो? सरकारची भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतेच. आकडा देवळाच्या भिंतीवर लिहा. आणि बोअर घ्यायचंच तर एकट्याचं नको. बांधाला बांध असलेले तिघे शेजारी आणि आपण मिळून एकच घ्या, कुणाची केळी किती एकर ते आधी ठरवा. तसं होणार असेल तर पाटल्या देते.

हे म्हणाले, "तू शाळेतलं शाळेत ठेव." पण भाऊजी शेजाऱ्यांकडे जाऊन आले. दोघे बसायला तयार झाले. तिसऱ्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांच्या बायकोचा मात्र दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "ताई, बोलणं पटतंय तुमचं," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या घरची वाढवलेली दोन एकर केळी आधी कमी होणार का, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. मी तो जसाच्या तसा भाऊजींपुढे ठेवला आहे. पेरणीच्या आत सांगतो म्हणालेत. पाटल्या कपाटात आहेत.