देवाला नाही, बघायला जाऊ या!

मैत्रिणींनो, लंडन-पॅरिसच्या सहलींच्या जाहिराती आता आपल्या लातूर-नांदेडच्या पेपरांतही येतात. तिकडे जाऊन आलेल्या लेकीबाळी सांगतात, गाईडबाई हातात छत्री उंच धरून पुढे चालते, मागे वीस-पंचवीस जण, आणि ती एकेका इमारतीची गोष्ट सांगते. ऐकून मनात येतं, आपल्याकडे बघण्यासारखं आणि सांगण्यासारखं काय कमी आहे?

आपण बायका घराबाहेर पडतो, नाही असं नाही. तुळजापूर, माहूर, पंढरपूर होतं. पण नुसतं बघायला, समजून घ्यायला? आमच्या बचत गटाची सहल ठरली तेव्हा एकीला घरातून पहिला प्रश्न आला, "देवदर्शन आहे का? नाही? मग कशाला?" येळवशीला अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो. पण भज्जी, आंबील, उंडे करायला पहाटे तीनला उठतं कोण? आपणच ना! म्हणून आम्ही नियमच केला. सहलीत कुणी कुणाला वाढायचं नाही. आपापला डबा, धपाटे, ठेचा आणि दही.

आम्ही औसा आणि खरोसा निवडलं. औशाचा किल्ला भुईकोट, भोवती खंदक. मलिक अंबराचा इतिहास त्याच्याशी जोडलेला. खरोशाची लेणी साधारण सहाव्या शतकातली. वेरूळसारख्या काळ्या कातळात नाहीत, तांबूस जांभ्यात कोरलेली. म्हणूनच झिजलेली. तरी नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय ओळखू येतात.

गाईड म्हणून इतिहास शिकवलेल्या एका निवृत्त बाईंना विनंती केली, आणि मानधनही दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण बाईच्या कामाचे पैसे द्यायचे आपणही विसरतो. त्यांनी सांगितलं, राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरचे स्वामी' म्हणवत, आणि लत्तलूर म्हणजे आपलं लातूरच, असं अभ्यासक मानतात. सत्तरीच्या एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं बया! एवढी वर्षं हितंच राहते, कुणी सांगितलंच न्हाई!" 'कशाला?' या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं.

नांदेडच्या मैत्रिणींना तर गुरुद्वारा घरचाच. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथंच देह ठेवला. आजचं मुख्य मंदिर महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवलं. लंगरात कितीदा जेवलो असू, पण ही गोष्ट किती जणींना ठाऊक आहे? पुढच्या सहलीला कंधार घ्या. किल्ला आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत.

आता थोडं नियोजनाचं. एका दिवसात दोनच ठिकाणं धरा, एक जेवणाआधी, एक नंतर. दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस बरे, आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच. दोघी जणी आधी जाऊन या. स्वच्छतागृह कुठं आहे, पाणी मिळतं का, म्हाताऱ्यांना पायऱ्या झेपतील का, ठिकाण किती वाजता बंद होतं, सगळं बघून या. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. परतीची गाडी मात्र दिवस मावळायच्या आतली धरा. घरच्यांची काळजी मिटते आणि पुढच्या वेळी परवानगीची कटकट राहत नाही.

एक वही जरूर ठेवा. ज्या बाईला लिहिता येतं तिनं लिहावं, बाकीच्यांनी सांगावं. आमच्या वहीत दोन सहली झाल्या आहेत. आणि 'कशाला?' विचारणाऱ्या घरातून परवा निरोप आला, "पुढच्या वेळी आमच्या आईलाही न्या."