आकडा खरा होईल

इंदूरच्या जेल रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे "तीस टक्के होते आणि एकदम बंद पडला." कारागीर मागचं झाकण गरम करून सोडवतो, बॅटरीचा कनेक्टर काढतो आणि मल्टिमीटरच्या पिना टेकवतो. ३.८ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग तो बॅटरीवर भार देतो. चांगल्या बॅटरीचा आकडा थोडासाच उतरतो, थकलेलीचा धाडकन ३.३ वर येतो. आतला रोध वाढलेला असतो. कॅमेऱ्याने जोराने वीज ओढली की अशी बॅटरी कोसळते, मग पडद्यावर कितीही टक्के असोत.

हे टक्के मोजलेले नसून अंदाजलेले असतात. बॅटरीत किती वीज उरली हे थेट पाहताच येत नाही. एक चिप आत-बाहेर जाणारा प्रवाह जमाखर्चासारखा लिहीत राहते आणि बारीक चुका साचत जातात. व्होल्टेजवरून त्या सुधाराव्यात, तर मधल्या पट्ट्यात लिथियम-आयन बॅटरीचं व्होल्टेज फारसं हलतच नाही. खात्रीच्या खुणा दोन्ही टोकांना. सदैव चाळीस ते सत्तर टक्क्यांत फोन ठेवणाऱ्यांच्या चिपला त्या दिसतच नाहीत.

म्हणून कॅलिब्रेशन. फोन शंभरावर नेऊन तासभर चार्जरवरच ठेवायचा, मग आपोआप बंद होईपर्यंत वापरायचा, काही तास तसाच ठेवून अखंड पूर्ण चार्ज करायचा.

"मग आता बॅटरी जास्त चालेल ना रे?" काउंटरवरच्या काकूंनी विचारलं.

"नाही काकू, आकडा खरा होईल. बॅटरी आहे तेवढीच."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. दर आठवड्याला फोन शून्यावर आणण्याची सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला ती झिजवते. आकडा भरकटला, तरच कॅलिब्रेशन करावं.

खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेला किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवलेला पूर्ण चार्ज झालेला फोन झपाट्याने म्हातारा होतो. बॅटरीतल्या ग्रॅफाइटवरचा थर जाड होऊन लिथियम त्यात अडकून पडतं, आणि ते कुठल्याही कॅलिब्रेशनने सुटत नाही.

अशी थकलेली बॅटरी फुगली, तर ती दाबू नये, टोचू नये. इथल्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. सुक्या कचऱ्यात टाकलेली बॅटरी पुढे दाबली गेली, तर पेट घेऊ शकते.