गाडी उंच करावी की नाही?

साहित्याच्या विद्यार्थ्याने पाटे आणि शॉकअप यांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण मित्रहो, आमच्या घरची चूल एका पिकअपवर पेटते. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर तिचे पोट घासते, म्हणून धाकट्या भावाने ती ४ इंच उंच करण्याचा हट्ट धरला. मी मिस्त्रींना गाठले.

त्यांनी तीन मार्ग उलगडून दाखवले. चासीवर ठोकळे ठेवून नुसती बॉडी उचलणे. यात चासी होती तिथेच राहते. मागच्या एक्सलवर ठोकळे बसवणे. यात उंची मिळते, पण ब्रेक लावताना पाट्यांना पीळ बसतो. जादा पाटा घालणे हे मजबूत. मात्र रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते. पाट्यांचे शॅकल २ इंच लांब केले तर उंची जेमतेम १ इंच वाढते. आणि गंमत म्हणजे, डिफरन्शियल जमिनीपासून वर उचलला जातो तो फक्त मोठ्या टायरने!

खडकाळ वाटेवर उंचीइतकीच चाकांना खालीवर हलायला मोकळीक लागते. डांबरी रस्त्यावर मात्र गुरुत्वमध्य वर गेला, की वळणावर भरलेली गाडी कलंडण्याचे भय वाढते. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले.

अखेर आम्ही बसलेले पाटे काढून मूळ मापाचे नवे घातले. गेलेली उंची परत आली. भाऊ अजून रुसलेला आहे. वडील मात्र घाट उतरून रोज सुखरूप घरी येतात.