गुळगुळीत काचेवरची खरखर

आधी एक गंमत. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप दोन पिनच्या चार्जरला लावलेला असताना झाकणावरून बोट हलकेच फिरवलंय कधी? बारीक खरखर लागते. चार्जर काढला की गायब!

अमेरिकेत एडवर्ड मॅलिन्क्रॉट यांना हेच जाणवलं होतं, विजेच्या पितळी होल्डरवर. दिवा चालू असला की पितळ बोटाला वेगळंच लागायचं. १९५३ साली त्यावर ‘सायन्स’मध्ये लेख आला. २०१० मध्ये डिस्नेच्या संशोधकांनी तीच करामत टचस्क्रीनवर आणली, नाव ‘टेस्लाटच’.

आत काय होतं? काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा थर. वीज वाहतो, पण दिसत नाही. त्यावर पातळ इन्सुलेटर. वर तुमचं बोट. झाला कपॅसिटर! थराला शंभरेक व्होल्टचा एसी दिला की बोट काचेकडे किंचित ओढलं जातं. व्होल्टेज प्लस असो वा मायनस, ओढ असतेच. म्हणून १०० हर्ट्झ दिले तर सेकंदाला २०० वेळा. ही ओढ थेट कळत नाही. बोट सरकवलं की घर्षण कमीजास्त होतं आणि तेवढंच कळतं. करंट नगण्य, त्यामुळे शॉक वगैरे नाही.

इथेच माझी गाडी अडली. माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं. घरातल्या इंडक्शन शेगडीचं पॅनेल सपाट, म्हणून आईने बटणांशेजारी टिकल्या चिकटवल्यात. मला वाटलं, हे तंत्रज्ञान आजीसाठीच आहे. पण नाही ना! बोट स्थिर ठेवलं तर काहीच लागत नाही. आणि बटण शोधायला बोट फिरवायचं, तर वाटेत भलतंच बटण दाबलं जाणार. शिवाय टेस्लाटचमध्ये अख्ख्या काचेला एकच थर, म्हणजे दोन बोटं ठेवली तर दोघांना एकच खरखर.

आजीला हवा उंचवटा. त्यासाठी वेगळी जात आहे, ‘हेजल’ ॲक्च्युएटर. कोलोरॅडो विद्यापीठ, २०१८. लवचीक पिशवीत तेल, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड. व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रोड एकमेकांना खेचतात, तेल बाजूला सरतं आणि तिथे फुगवटा येतो. इलेक्ट्रोड हायड्रोजेलचे केले तर सगळं पारदर्शक. फक्त व्होल्टेज हजारांत लागतं. स्वयंपाकघरात, ओल्या हाताशी? मी तरी आज लावणार नाही.

परवा शेगडीवरची एक टिकली उकळत्या दुधाबरोबर वाहून गेली. आजीने स्वतःच्या पाकिटातली नवी लावली.