पंच की सूत्रधार?

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. त्यांतला एक जण वर्णन करतो, "अरुंद बोळ आहे. दगडी फरशी, ओलसर. वीस फुटांवर डावीकडे वळण." बाकी चौघांची पात्रं हातात मशाल घेऊन त्या बोळाच्या तोंडाशी उभी आहेत. वाटेत एक खड्डा आहे, वरून बेमालूम झाकलेला. वर्णन करणाऱ्याला तो ठाऊक आहे, खेळणाऱ्यांना नाही.

इथून खेळ दोन वाटांनी जाऊ शकतो. एका टेबलावर खेळाडू म्हणतो, "मी नीट बघतो." वीस बाजूंचा फासा पडतो, पात्राच्या कागदावरचा निरीक्षणाचा आकडा त्यात मिळवला जातो आणि बेरीज पुरेशी झाली की खड्डा दिसतो. दुसऱ्या टेबलावर यासाठी फासाच नसतो. "दहा फुटी काठीने फरशी ठोकत पुढे जातो." "एका ठिकाणी आवाज पोकळ येतोय." "थांब, पिशवीतलं पाणी ओत तिथे. कुठे मुरतंय ते बघू." पाणी फटींतून खाली जातं आणि खड्ड्याच्या झाकणाचा चौकोन दिसू लागतो. पहिल्या टेबलावर खड्डा पात्राला सापडला, दुसऱ्यावर खेळाडूला. साधारण अशाच प्रसंगातून मॅथ्यू फिंच यांनी 2008 साली एका छोट्या पुस्तिकेत दुसऱ्या टेबलाचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, खेळ समजावून सांगितला. ती पुस्तिका आजही जुन्या-नव्या पद्धतींच्या वादाचा पाया मानली जाते.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या वंशातले असंख्य खेळ. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत तळघरात बसून मुलं जो खेळतात, तोच. त्याचा उगम युद्धखेळांत आहे, म्हणजे छोटे शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढण्याच्या छंदात. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली यांनी 1969 च्या सुमारास अशा एका खेळात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नसन यांनी ती कल्पना ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांच्याकडे मध्ययुगीन लढायांचे नियम तयार होते. आर्नसन आणि गायगॅक्स या दोघांच्या कामातून 1974 साली तीन पुस्तिकांचा एक खोका बाजारात आला. पहिली आवृत्ती होती फक्त 1000 प्रतींची.

अशा युद्धखेळांत अनेकदा पंच असतो. तो कोणाच्याही बाजूचा नसतो. सैन्य टेकडीआड लपलं असेल तर ते त्याला दिसतं, पण तो बोलत नाही. टेबलावर वर्णन करणारा त्याचाच वारस; जुन्या पद्धतीचा सगळा स्वभाव या पंचाकडून आलेला आहे. भुयार आधी कागदावर आखलेलं असतं. कोणत्या खोलीत काय आहे ते ठरलेलं असतं. खेळाडू तिथे दुबळे येवोत की तयारीनिशी, खोलीतला राक्षस त्यांच्यासाठी लहान होत नाही.

जुन्या नियमांतली खरी कारागिरी मात्र पात्राला वरच्या पातळीवर नेणाऱ्या अनुभवगुणांच्या हिशोबात आहे, आणि तिच्याकडे नव्या खेळाडूंचं हमखास दुर्लक्ष होतं. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली 1981 ची प्राथमिक नियमपुस्तिका घ्या. लढवय्याला पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला 2000 अनुभवगुण लागतात. एक ऑर्क, म्हणजे भुयारातला साधा राक्षस, मारला तर मिळतात 10. उलट भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण. म्हणजे एकट्याने 200 ऑर्क कापायचे, नाहीतर पहारा चुकवून एक जड पेटी पळवायची. त्यातच जादूगाराला पहिल्या पातळीवर हिट पॉइंट, म्हणजे अंगात किती जीव आहे याचा आकडा, असतात चार बाजूंच्या फाशाने ठरलेले, एक ते चार. एक बरा वार बसला की तो संपला. शून्यावर आला की मेला. अशा हिशोबात कोणताही शहाणा माणूस लढाई टाळतो. तो लाच देतो, फसवतो, दोन टोळ्यांत भांडण लावून देतो, पळून जातो.

नियमही त्याला साथ देतात. समोर आलेला प्राणी लगेच अंगावर धावून येईलच असं नाही. दोन फासे टाकून त्याचा पवित्रा ठरतो, आणि कधी कधी तो चक्क मैत्री करतो. लढाई सुरू झाली तरी शत्रूचं धैर्य खचतं का, हे पुन्हा फाशांनी पाहतात. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजला जातो. मशाल सहा फेऱ्या जळते. दर दोन फेऱ्यांनी पंच एक फासा टाकतो, एक आकडा आला की फिरता राक्षस वाटेत येतो. त्यामुळे "अजून एक खोली बघू या का?" हा साधा प्रश्न जिवावरचा होतो. फरशी ठोकत जाणं सुरक्षित खरं, पण त्यात वेळ जातो आणि मशाल जळत राहते. काठी आणि मशाल यांच्यातली ही ओढाताण मला कोणत्याही तलवारबाजीपेक्षा जास्त उत्कंठेची वाटते.

मग आधुनिक पद्धत आली कुठून? 1983 सालचं 'रेव्हनलॉफ्ट' हे छापील तयार साहस आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेली 'ड्रॅगनलान्स' ही अशा साहसांची मालिका हे मोठे टप्पे. रेव्हनलॉफ्टमधल्या रक्तपिपासू सरदाराला भूतकाळ होता, दुःख होतं. ड्रॅगनलान्समध्ये तर ठरलेले नायक आणि ठरलेली महागाथा होती. सोबत मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्याही आल्या. नायक पहिल्याच खड्ड्यात पडून मेला तर महागाथेचं काय करायचं, हा पेच तिथे उभा राहिला. पंचाला सूत्रधार व्हावं लागलं. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्याला गुण राहिले नाहीत, कौशल्यांची लांब यादी आली, आणि लढाई खेळाडूंच्या ताकदीला साजेशी कशी बेतायची याचं गणितही आलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. जगण्या-मरण्याचे फासे टाकत तग धरतं, तेवढ्यात सोबती त्याला उठवतात. 2015 साली व्यावसायिक आवाज-अभिनेत्यांच्या 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाचं प्रक्षेपण सुरू झालं आणि हा खेळ म्हणजे मित्रांनी मिळून रंगवलेलं दीर्घ नाटक, असं लाखो प्रेक्षकांच्या मनात ठसलं.

या पद्धतीची बाजू मी हलकी मानत नाही. जुन्या टेबलावर बोलघेवड्याची चलती असते. जो चुरचुरीत बोलतो त्याचं पात्र दरबार जिंकतं. जो चारचौघांत अडखळतो त्याचं पात्रही अडखळतं. आधुनिक नियम म्हणतात की तुझं पात्र वक्ता आहे ना, मग फासा टाक. लाजाळू मुलाला इथे पहिल्यांदा कोणीतरी दुसरं होता येतं, आणि हे साधं देणं नाही. खेळाआधी बसून कोणते विषय नकोत हे मोकळेपणाने ठरवण्याची रीतही आधुनिक टेबलांनी रुजवली. ती जुन्या टेबलांनी बिनदिक्कत उचलावी. शिवाय पाणी फटीतून जातं की नाही, हे शेवटी पंचच ठरवतो. पंच लहरी असेल तर जुन्या पद्धतीत दाद मागायला जागा नसते. स्वतः गायगॅक्स यांनी 1977 ते 1979 दरम्यान 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची जाडजूड पुस्तकं काढली, त्यामागे सगळीकडे खेळ सारखा व्हावा हा हेतू होता.

म्हणूनच जुनं आणि नवं ही विभागणी सालांवरून करणं फसवं आहे. ली गोल्ड यांच्या 1975 साली सुरू झालेल्या हौशी नियतकालिकात खेळाडू तेव्हाच यावर वाद घालत होते. 1980 साली ग्लेन ब्लॅको यांनी एका लेखात खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले. त्यात डावपेच लढवणारेही होते आणि कथा रंगवणारेही. उलट 2006 नंतर जुन्या नियमांची नव्याने मांडणी करणारी पुस्तकं येऊ लागली. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा बराच भाग खुल्या परवान्याने वापरायला मिळाला होता, त्यामुळे हे शक्य झालं. 2023 च्या 'शॅडोडार्क' या जुन्या वळणाच्या खेळात मशाल घड्याळातला खरा एक तास टिकते. तो खेळणारे बरेच जण जुनी आवृत्ती बाजारात होती तेव्हा जन्मलेही नव्हते.

माझ्या मते खरा फरक आहे तो टेबल कोणता प्रश्न खुला ठेवतं यात. जुनी पद्धत विचारते, हे लोक इथून जिवंत बाहेर पडतील का? नवी विचारते, या प्रवासात हे लोक काय होतील? दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. घोटाळा होतो तो पहिला विचारल्याचं भासवून उत्तर आधीच ठरवून टाकण्यात. पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायचा, वीस आले तरी "वार हुकला" म्हणायचं, कारण लाडकं पात्र मरायला नको. सूत्रधार हे मायेपोटी करतो, पण खेळाडूला एकदा हे कळलं की त्याच्या पुढच्या कोणत्याही जिंकण्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. मृत्यू नको असेल तर तो सगळ्यांनी मिळून, आधी, उघडपणे नियमातूनच काढावा. ठेवला असेल तर फासा टेबलाच्या मधोमध पडू द्यावा.

मराठी घरांत हा खेळ सुरू करायचा तर जुनी पद्धत सोपी पडेल असं मला वाटतं. नियमपुस्तकं इंग्रजीत असली तरी ती पंचाने वाचली की भागतं; बाकी सगळा कारभार बोलण्याचा, आणि काठीने फरशी ठोकायला मराठी पुरेशी आहे. ख्रिस गॉनरमन यांचा 'बेसिक फँटसी' हा जुन्या वळणाचा खेळ इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतो. सुरुवातीला चार-पाच जण, तीन तास आणि दहा-बारा खोल्यांचं छोटं भुयार पुरे. प्रत्येकाने दोन पात्रं तयार ठेवावीत, कारण एक बहुधा जाईल. खेळाडूंपैकी एकाने नकाशा काढत राहायचं, त्यासाठी गणिताची चौकटींची वही उत्तम. फक्त पेन्सिलच घ्यावी. पंचाने तोंडी सांगितलेल्या मापांवरून काढलेला बोळ पहिल्या वेळी बरोबर जुळत नाही.